पिव्हट, मुक्काम पोस्ट मलकापूर

नोकरी गेली की लोक गोव्याला जातात, कुणी हिमालयात जातात. मी मावशीकडे गेले! तिथे कॉलेजच्या पोरांचं बास्केटबॉल बघता बघता ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर सापडलं, त्याची ही गोष्ट…

महाराष्ट्रात मलकापूर नावाची निदान तीन गावं आहेत. एक बुलढाण्यातलं, नागपूरच्या गाडीत झोप लागता लागता खिडकीतून दिसतं ते. दुसरं शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या आधी लागतं ते. आणि तिसरं कराडचं. या तिसऱ्या मलकापूरला मुद्दाम कुणी जात नाही. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला माणूस कराड आलं म्हणेपर्यंत ते ओलांडून गेलेला असतो. कृष्णा हॉस्पिटल दिसलं ना हायवेवर? तेच मलकापूर. दहापैकी नऊ जण त्याला कराडच समजतात आणि मलकापूरकरांना याचा भयंकर राग येतो.

मी तिथे मुद्दाम गेले आणि तब्बल सहा आठवडे राहिले. कारण अगदी साधं होतं. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते, तिथला आमचा अख्खा प्रोजेक्ट एका सोमवारी बंद झाला. साडेअकराला मीटिंग, बाराला लॅपटॉप जमा. हातात तीन महिन्यांचा पगार, डोक्यावर वाघोलीतल्या वन बीएचकेचा हप्ता आणि वय वर्षं २८. आईने परस्पर मावशीला फोन करून टाकला. मावशी म्हणाली, “पाठवून दे इकडं. नोकरी काय, आज गेली उद्या मिळंल. आधी चार घास नीट खाऊ दे तिला.”

हायवेवरचं गाव

मावशीचं घर आगाशिवनगरात. गॅलरीतून एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला आगाशिवचा डोंगर. नोव्हेंबर असल्याने कारखाने सुरू झालेले आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रभर गाणी लावून चाललेल्या. झोप लागेना तेव्हा मी ट्रॉल्या मोजायचे.

या गावाचं मला आवडलं ते हे, की ते स्वतःच सतत बढती घेत आलंय. आधी ग्रामपंचायत, मग नगरपंचायत, मग नगरपरिषद. आणि इथलं पाणी! चोवीस तास, मीटर लावून पाणी देणारं छोटं शहर म्हणून मलकापूरचं नाव देशभर झालं. वाघोलीत टँकरची वाट बघत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारखीने पहिले दोन दिवस उगाचच नळ सोडून बघितला. मावशी ओरडली, “बंद कर, मीटर पळतोय!” आयटी पार्कला जे जमलं नाही ते हायवेकडेच्या या गावाने करून दाखवलंय, हे मान्य करायलाच हवं.

सकाळी डोंगर. जखिणवाडीच्या बाजूने चढलं की बौद्ध लेणी लागतात. आगाशिव आणि आजूबाजूच्या डोंगरांत मिळून साठाहून जास्त लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रं वगैरे नाहीत, साध्या खोल्या, दगडी ओटे, मधूनच एखादा स्तूप. वर पोचलं की कृष्णा-कोयनेचं अख्खं खोरं पायाशी पसरतं. खाली उतरून दहा वाजता मी लॅपटॉप उघडायचे (भावाचा!) आणि जॉब पोर्टलवर अर्ज टाकायला बसायचे. रोज दहा अर्ज, असा नेम. उत्तरं बहुतेक मशिनची.

साडेपाच ते साडेपाच

माझा मावसभाऊ कराडच्या एका कॉलेजात फायनल इयरला. अभ्यास बेताचा, बास्केटबॉल जबरदस्त. त्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि नोव्हेंबर म्हणजे तिथल्या कॉलेज बास्केटबॉलचा सीझन. अंथरुणातच मोबाइलवर ड्यूक, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना. मार्चमध्ये ६८ टीम्सची स्पर्धा होते, एक मॅच हरली की थेट घरी, हे त्याने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. मग संध्याकाळी साडेपाचला स्वतःची प्रॅक्टिस.

“ताई, घरात बसून काय त्या स्क्रीनकडं बघतीस? चल की कोर्टवर,” तो म्हणाला. मी गेले. स्कूटरवरून कोल्हापूर नाका ओलांडला की कराड सुरू.

कोर्ट सिमेंटचं, उघड्यावर. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही. बारा-चौदा पोरं, वर शिट्टी गळ्यात अडकवलेले सर. कुणी साताऱ्याहून होस्टेलला आलेला, कुणी पाटणच्या बाजूचा, गावाकडे कबड्डी खेळायचा आणि उंची बघून सरांनी उचलून आणलेला. बास्केटबॉलमधून त्यांचं करिअर होणार नव्हतं आणि हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

हिशेब कसाही मांडा, उत्तर तेच येतं. अमेरिकेतही कॉलेजात खेळणाऱ्या शंभर पोरांमधला जेमतेम एखादा एनबीएपर्यंत पोचतो. आपल्याकडे तर वाट आणखीच अरुंद. आपली पुरुषांची टीम ऑलिम्पिकला गेली ती एकदाच, १९८० साली मॉस्कोला. कबड्डीला २०१४ पासून प्रो लीग मिळाली. बास्केटबॉलमध्ये लीग येतात आणि जातात. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए दोन-तीन वर्षांतच थांबली. चांगल्या खेळाडूंनी आजवर पोट भरलं ते रेल्वे, ओएनजीसी, बँका, आर्मी अशा टीम्समध्ये नोकरी धरून. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण झोनलच्या सर्टिफिकेटवर तिथे कुणी दारातही उभं करत नाही.

आणि शिवाय वयाची अट. विद्यापीठांच्या स्पर्धेत पंचविशीपर्यंतच खेळता येतं. म्हणजे आमच्यासारख्यांची नोकरी कधी जाईल ते सांगता येत नाही, पण या पोरांना त्यांच्या खेळाची शेवटची तारीख आधीच माहीत असते. तरीही संध्याकाळी साडेपाचला सगळे हजर! मला हे जाम विचित्र वाटलं. मग रोज जावंसं वाटायला लागलं.

नोकऱ्या बदलणारा मास्तर

हा खेळ ज्याने शोधला तो माणूस तरी काय वेगळा होता? जेम्स नेस्मिथ, जन्म १८६१, कॅनडातला. लहानपणीच आईवडील गेले. मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात शिकला, मग धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं. घरच्यांच्या हिशेबाने आता पाद्री व्हायचं. पण हा गेला स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या शाळेत पीटीचा मास्तर व्हायला. डिसेंबर १८९१ मध्ये, बाहेर बर्फ आणि आत कंटाळलेली दांडगी पोरं, अशा अवस्थेत त्याने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि झालं बास्केटबॉल. तेव्हा त्याचं वय ३०.

गोष्ट इथे संपली असती तर ती नेहमीची सक्सेस स्टोरी झाली असती. पण गडी पुढे डेन्व्हरला गेला, नोकरी करत करत १८९८ मध्ये डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात शिकवायला लागला. तिथे त्याने बास्केटबॉलची टीम बांधली. निकाल? ५५ विजय, ६० पराभव. कॅन्सस म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं टॉपचं घराणं, आणि तिथल्या कोचेसच्या यादीत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकच कोच आहे. ज्याने खेळ शोधला तो! १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळलं गेलं, तेव्हा विजेत्यांना पदकं द्यायला त्यालाच बोलावलं होतं.

धर्मशास्त्र, पीटी, डॉक्टरकी, प्राध्यापकी. आजच्या एचआरने हा रेझ्युमे बघितला असता तर ‘फोकस दिसत नाही’ असा शेरा मारून बाजूला ठेवला असता. मला मात्र फार बरं वाटलं.

गोळेश्वरची वाट

काका म्हणजे मावशीचे मिस्टर. एसटीतून रिटायर झालेले, कुस्तीचे शौकीन. त्यांना या बास्केटबॉलचं काडीचं कौतुक नाही. “टोपलीत चेंडू टाकायचा, त्याला काय खेळ म्हणत्यात व्हय?” एका रविवारी त्यांनी मला गाडीवर मागे बसवलं आणि गोळेश्वरला नेलं. जवळच आहे. उसाच्या शेतांमधून रस्ता, आणि गावात एका घराचं नाव ‘ऑलिम्पिक निवास’.

खाशाबा जाधवांचं हे गाव. आपण सगळ्यांनी शाळेत एका ओळीत वाचलेलं असतं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेलसिंकी, १९५२. पण नोकरी शोधत असताना ती गोष्ट वेगळीच ऐकू येते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. म्हणजे तोही कॉलेजचाच खेळाडू! १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेटमध्ये सहावा आला. पुढच्या ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ब्राँझ घेऊन परत आल्यावर दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असं इथे आजही छाती फुगवून सांगतात. त्यानंतर वैयक्तिक पदक मिळायला देशाला ४४ वर्षं लागली, थेट १९९६ चा लिअँडर पेस.

आणि मिरवणुकीनंतर? पदक मिळालं तेव्हा खाशाबांचं वय २६. पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले ते १९५५ मध्ये, म्हणजे २९ व्या वर्षी. ऑलिम्पिकचं पदक घरात असताना मधली तीन वर्षं. नोकरी सुरू झाल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं पोलिसात काढली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

परत येताना काका एवढंच म्हणाले, “पदक गळ्यात घालून पोट भरत न्हाई, पोरी. पण म्हणून कुणी कुस्ती सोडली न्हाई हितली.”

रात्री भावाला हे सांगितलं तर तो हसला. “आमच्याकडं उलटं झालंय ताई.” सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावचा पोरगा. २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, ५२ वा नंबर, टीम डॅलस. एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. आज तो अमेरिकेतच आहे, पण टीव्हीवरच्या प्रोफेशनल रेसलिंगमध्ये! कुस्तीवाला पोलिसात, बास्केटबॉलवाला कुस्तीत. सरळ रेषेतलं करिअर नेमकं असतं तरी कुणाचं?

आधी २४, मग १४

कोर्टवर नुसतं बसून कंटाळा आला म्हणून मी वहीत कोर्टचा नकाशा काढला. शॉट गेला की गोल, हुकला की फुली. कुणी, कुठून, कितव्या मिनिटाला. सहा वर्षांची सवय, दुसरं काय. आठवड्याभराने सर मागे येऊन उभे राहिले. वही हातात घेतली, उलटसुलट बघितली. म्हणाले, “मॅडम, हे रोज द्याल का?”

वहीत दिसत होतं ते साधंच. आमचा सगळ्यांत भारी शूटर उजव्या कोपऱ्यातून १४ पैकी दोनच मारत होता, पण डावीकडून निम्म्याहून जास्त. सगळ्यांना तो भारी वाटायचा, कारण लक्षात राहायचे ते आत गेलेले शॉट. सरांनी त्याला डावीकडे हलवलं. बस, एवढंच.

झोनलची सेमीफायनल त्यांनी पाच पॉइंट्सनी मारली. फायनलला मात्र हरले, दोन पॉइंट्सनी. या खेळाचा एक नियम मला तिथे कळला. अटॅक करताना टीमला २४ सेकंद मिळतात. शॉट रिंगला लागून परत तुमच्याच हातात आला, तर घड्याळ पुन्हा २४ वर जात नाही, १४ वर जातं. दुसरा चान्स मिळतो, पण वेळ कमी. आमच्या त्या कोर्टवर इलेक्ट्रॉनिक घड्याळ वगैरे काही नव्हतं, एक ज्युनिअर स्टॉपवॉच घेऊन ओरडत होता. शेवटच्या मिनिटाला रिबाऊंड मिळाला आणि तो ओरडला, “चौदा!” माझ्या पोटात गोळा आला. माझ्या तीन महिन्यांतले सहा आठवडे तोवर संपत आले होते.

बॉल भावाच्या हातात होता. त्याने शॉट घेतला, रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. संपलं. फायनल इयर, म्हणजे कॉलेजसाठी ही त्याची शेवटची मॅच. पोरं दहा मिनिटं कोर्टवरच पडून होती. मग कुणीतरी भेळ खायची टूम काढली आणि सगळे प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होऊन जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. भेळ खाताना चर्चा एकच. कुणी एमपीएससी देणार, कुणी चाकणला ट्रेनी लागणार, कुणी पोलिस भरती. तासाभरापूर्वी हरलेली पोरं अगदी आरामात पुढचं बोलत होती.

एक पाय जमिनीवर

‘पिव्हट’ हा आमच्या कॉर्पोरेट जगातला लाडका शब्द. स्टार्टअप बुडायला लागला की पिव्हट. नोकरी गेली की पिव्हट. माझ्या इनबॉक्समधले निम्मे सल्ले हेच होते, सगळं सोड, काहीतरी नवीन कर. डिजिटल मार्केटिंग कर, डेटा सायन्स कर, केकचा बिझनेस कर!

बास्केटबॉलमध्ये या शब्दाचा अर्थ फार नेमका आहे. नेस्मिथच्या पहिल्या तेरा नियमांतच बॉल हातात घेऊन पळायला बंदी होती. मग बॉल घेऊन थांबलेल्या खेळाडूने करायचं काय? एक पाय जमिनीवर रोवायचा आणि दुसरा हवा तसा फिरवायचा. पुढे, मागे, पूर्ण गोल. रोवलेला पाय सरकला की शिट्टी, बॉल दुसऱ्या टीमला. सर रोज पंधरा मिनिटं फक्त हेच करून घ्यायचे आणि ओरडायचे, “पाय! पाय बघा!”

म्हणजे पिव्हट करायचा तर सगळं सोडून चालत नाही. कुठला पाय रोवलेला आहे ते आधी ठाऊक हवं.

माझा कुठला? बँकिंगचं सॉफ्टवेअर तर नक्कीच नव्हे. ते गेल्याचं मला दुःखही नव्हतं, दुःख होतं ते हप्त्याचं. पण त्या वहीतल्या गोल-फुल्या काढताना मी रोज दोन तास भान विसरत होते. कुठे फुटतंय ते शोधायचं, वेळ टाकून लिहून ठेवायचं, ज्याचं त्याला शांतपणे दाखवायचं. सहा वर्षं मी तेच केलं होतं, फक्त कंटाळवाण्या जागी.

कोर्टवर कधीमधी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या एका मुलीने सांगितलं, तिची बहीण पुण्यात क्लिनिकल डेटाचं काम करते. नव्या औषधांच्या चाचण्यांमधली माहिती बरोबर नोंदली गेलीय का ते तपासायचं. पेशंटच्या वजनात एक शून्य जास्त पडलं, तारीख मागेपुढे झाली, ते पकडायचं. मी रोजचे दहा अर्ज बंद केले आणि या एकाच प्रकारचे, नीट लिहून, आठवड्याला तीन टाकायला लागले. पाच ठिकाणांहून बोलावणं आलं. चौघांनी अनुभव नाही म्हणून परत पाठवलं. पाचवीकडे विचारलं, मधल्या काळात काय केलंत? मी वही दाखवली.

पगार आधीपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आहे. फ्लॅट भाड्याने दिलाय आणि मी दोन मैत्रिणींबरोबर राहते, हप्ता कसाबसा निघतो. सहकारी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, आणि शिकवतातही तेच. काही दिवस फार जड जातात. पण एखादी चुकीची तारीख सापडते तेव्हा वाटतं, पाय जाग्यावर आहे.

भाऊ चाकणला लागलाय. रविवारी सकाळी तो निगडीत कुठल्याशा कोर्टवर खेळतो. विचारलं, आता कशासाठी? म्हणाला, “ताई, आधी तरी कशासाठी खेळत होतो?”

जायचंय?

कसं जाल : पुण्याहून कराड साधारण १६० किलोमीटर, खंबाटकी घाट आणि सातारा ओलांडून. स्वारगेटवरून एसटी भरपूर. रेल्वेने जायचं तर मुंबईहून कोयना एक्स्प्रेस. कराड स्टेशन मात्र शहराबाहेर आहे, पुढे रिक्षा करावी लागते.

काय बघाल : आगाशिवची लेणी (सकाळी लवकर, पाणी बरोबर ठेवून), संध्याकाळी प्रीतिसंगम, आणि वाट वाकडी करून गोळेश्वर.

कधी : पावसाळा संपल्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबर हा कॉलेजच्या स्पर्धांचा मोसम. कराडमध्ये एखाद्या कोर्टवरून शिट्टी ऐकू आली तर खुशाल आत जा. तिकीट नसतं आणि बसायला पायऱ्या असतात.

बरोबर काय न्याल : एक वही.